लहानग्यांचा टीव्ही: लावायचा किती आणि बंद करायचा कसा

दोन-अडीच वर्षांच्या मुलासमोर टीव्ही लावणं सोपं असतं. अवघड जातं ते बंद करणं. टीव्हीपायी घरात जी रडारड, आदळआपट होते ती जवळजवळ सगळी बंद करतानाची असते. ‘आता पुरे’ हे या वयात आतून उमगत नाही. स्वतःला आवरण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाकडे असतं, त्याची घडण पुढे कित्येक वर्षं चालूच राहते. त्यामुळे टीव्ही लावण्याआधीच तो कशाने संपणार आहे हे मोठ्यांनी ठरवून ठेवायला हवं. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर बेतलेली आहे.

आधी वय आणि मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. पहिल्या वर्षात स्क्रीन अजिबात नको. एक ते दोन वर्षांतही नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही असंच आहे: दोन वर्षांपर्यंत काही नको, फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, दोन ते पाच वर्षांत एक तासाची कमाल मर्यादा.

या तासात मोबाइल, टॅब आणि टीव्ही सगळं धरायचं. आणि ही वरची मर्यादा आहे, रोज पुरा करायचा कोटा नव्हे. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं भरपूर झाली. तीन पूर्ण झाल्यावर हवं तर वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे करा.

दोन वर्षांआधी का नको, यामागे एक साधं कारण आहे. इतक्या लहान मुलाला पडद्यावरून फारसं शिकताच येत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. इंग्रजी घरातल्या काही बाळांशी माणसं समोर बसून चिनी भाषेत बोलली, खेळली. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका झाल्या. दुसऱ्या गटाने तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर पाहिलं. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी उच्चारांतला फरक कळू लागला. पडद्यासमोरच्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. ‘शिकण्यासाठी’ म्हणून वर्षाच्या बाळासमोर एबीसीडी लावून ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. व्हिडिओ कॉलला सूट मिळते ती यामुळेच. पलीकडची आत्या बाळाने हात हलवला की हसते, त्याच्या आवाजाला उत्तर देते. कार्टून तसं करत नाही.

चार दिवसांची नोंद

नियम करण्याआधी घरात नेमकं काय चालतं ते पाहा. टीव्हीजवळ एक वही ठेवा आणि चार दिवस लिहा: किती वाजता लावला, कोणी लावला, कशासाठी, किती वाजता बंद झाला, बंद करताना काय झालं. त्यातला एक दिवस रविवार हवा. मूल बघत नसलं तरी ते खोलीत असताना टीव्ही चालू असेल, तर तेही लिहा.

‘अर्धा तासच बघतो’ असं मनापासून सांगणाऱ्या घरांतही वहीत तीन-चार तास निघू शकतात. ‘कशासाठी’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण उत्तरं ठरावीकच येतात: पोळ्या लाटायच्या होत्या, भरवायचं होतं, बाबांना बातम्या बघायच्या होत्या, आजींची मालिका होती, रडत होता. प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे, म्हणून सगळ्यांना एकच नियम लावू नका.

कोणी बघत नसलेला टीव्ही

कमी करायला सुरुवात इथून करा. इथे मूल रडतही नाही, कारण ते बघतच नसतं.

‘त्याचं कुठे लक्ष असतं, तो खेळतोय’ असं वाटतं खरं. पण एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन, खोलीत मोठ्यांचा कार्यक्रम चालू ठेवून संशोधकांनी २००८ मध्ये निरीक्षण केलं. मुलं टीव्हीकडे अगदी काही सेकंद, तेही अधूनमधून बघत होती. तरीही त्यांचा खेळ तुटत होता. एका खेळण्यात रमण्याचा वेळ टीव्ही बंद असतानापेक्षा कमी भरला. दुसरा तोटा मोठ्यांकडून होतो. टीव्ही चालू असला की आपण मुलाशी कमी बोलतो, आणि त्याच्या बोलण्याला उत्तर द्यायलाही उशीर करतो. बोलायला शिकण्याच्या वयात हा तोटा मोठा आहे.

करायचं काय? सकाळच्या बातम्या मूल उठण्याआधी उरकून घ्या, नाहीतर मोबाइलवर इअरफोन लावून ऐका. क्रिकेटचा सामना असेल तर आवाज बंद करून धावसंख्या बघण्यापेक्षा सरळ शेवटची षटकं बघायचं ठरवा.

एकत्र कुटुंबात खरा पेच संध्याकाळच्या मालिकांचा असतो. सात ते दहा ही वेळ आणि मुलाच्या जेवणाची-झोपेची वेळ एकच. इथे ‘टीव्ही लावू नका’ असं सांगितलं की घरातलं वातावरण बिघडतं. दिवसभर नातवंडाला सांभाळणाऱ्या आजींची ती एकच करमणूक असते, हे विसरू नये. त्याऐवजी, ‘आई, तुमची मालिका दुपारी पुन्हा लागते, सोनू झोपल्यावर निवांत बघता येईल’ असं सुचवून बघा. बहुतेक मालिकांचे भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात किंवा ॲपवर मिळतात. ते लावायला आजींना एकदा शांतपणे शिकवा, रिमोटवरच्या नेमक्या बटणावर रंगीत टिकली चिकटवा. तेही जमत नसेल तर त्या अर्ध्या तासात मुलाला कोणीतरी खाली घेऊन जावं. एका खोलीच्या घरात आजींना ब्लूटूथ हेडफोन आणि मुलाची पाठ पडद्याकडे, एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

जेवताना टीव्ही: ही सवय सोडवायला दोन आठवडे लागतात

समोर चित्र हलतं, तोंड उघडं राहतं आणि घास आत जातो. भरवणाऱ्याला हायसं वाटतं. पण अशा वेळी पोट भरलं की नाही हे मुलाला कळत नाही. काही मुलं गरजेपेक्षा जास्त खातात, काही घास तोंडात धरून बसतात. हसता हसता घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच. (अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलाला टीव्ही असो वा नसो, देऊच नयेत.)

सगळी जेवणं एकदम बदलू नका. ज्या वेळी मुलाला सर्वाधिक भूक असते, ते एकच जेवण आधी निवडा. बहुधा सकाळचा नाश्ता किंवा खेळून आल्यानंतरचं जेवण. त्याआधी दोन तास दूध, बिस्कीट, फळांचा रस काही नको. मूल दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पीत असेल तर आधी ते कमी करा. ‘टीव्हीशिवाय जेवतच नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा दुधाने भरलेलं पोट असतं, आणि टीव्हीला उगाच बोल लागतो.

ताट खाली चटईवर, घरातलं कोणीतरी सोबत जेवायला. वाढायचं थोडं: पाव पोळीचे तुकडे, दोन चमचे वरणभात, भाजीची एक फोड. त्यातलं काही मुलाने हाताने खावं. सांडेल, सांडू द्या. खाली जुना कपडा अंथरा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, खाल्लं असो वा नसो. रागावणं नाही, मागे धावणं नाही. पुढचं खाणं अडीच-तीन तासांनी.

पहिले तीन-चार दिवस मूल कमी खाईल. ‘उपाशी राहिला’ म्हणून तिसऱ्या दिवशी टीव्ही लावला जातो आणि सगळं मुसळ केरात. निरोगी मूल एखाद्या जेवणाला कमी खाऊन आजारी पडत नाही. काळजी वाटत असेल तर आधी आणि दोन आठवड्यांनी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून घ्या. वजन आधीच कमी असेल किंवा मूल नुकतंच आजारातून उठलं असेल, तर हे काम डॉक्टरांना विचारून सुरू करा. पहिलं जेवण स्थिरावलं की चौथ्या-पाचव्या दिवशी दुसरं घ्या. रात्रीचं जेवण शेवटी, कारण तेव्हा मूलही थकलेलं असतं आणि आपणही.

टीव्हीची वेळ कुठे बसवायची

घड्याळापेक्षा दिवसातल्या ठरलेल्या कामाला वेळ बांधा: ‘दुपारची झोप झाली, दूध पिऊन झालं, की एक गोष्ट.’ मुलाला साडेचार कळत नाहीत, पण दूध संपल्यावर काय येतं हे चार दिवसांत पाठ होतं. वेळ रोज तीच राहिली की दिवसभराची ‘टीव्ही लाव’ची भुणभुण आपोआप कमी होते.

हा वेळ तुमच्या खऱ्या गरजेच्या जागी ठेवण्यात काही गैर नाही. तव्यावर पोळी आहे, बाजूला कुकर आहे आणि दोन वर्षांचं मूल पायात घुटमळतंय, अशा वेळी वीस मिनिटांचा टीव्ही हा सुरक्षिततेचाच भाग आहे. अपराधी वाटून घेऊ नका. फक्त पोळ्यांची वीस मिनिटं ठरवली असतील तर पोळ्या झाल्यावर ओटा आवरायला आणखी वीस मिनिटं जोडू नका.

तीन वेळा मात्र पक्क्या टाळा. सकाळी उठल्या उठल्या नको, कारण मग दिवसभर तोच हट्ट. जेवताना नको. आणि झोपेआधीचा एक तास नको. लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश शिरतो, आणि संध्याकाळच्या लख्ख प्रकाशाने झोप आणणारं मेलाटोनिन कमी पाझरतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून दहा ते तेरा तासांची झोप लागते. रात्री दहापर्यंत पडद्यासमोर असलेल्या आणि सकाळी आठला बालवाडीत पोहोचणाऱ्या मुलाची ती पुरी होणं कठीण. मूल झोपतं त्या खोलीत शक्यतो टीव्ही नसावा. एकच खोली असेल तर झोपेआधी तासभर टीव्हीवर चादर टाका. डोळ्यांआड झालं की मागणं खरोखर कमी होतं.

काय दाखवावं

आवाज बंद करून पाच मिनिटं स्वतः बघा. दृश्य सारखं बदलतंय का? २०११ मधल्या एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांना नऊ मिनिटं एक वेगवान कार्टून दाखवलं, ज्यात सरासरी ११ सेकंदांना दृश्य पूर्ण बदलत होतं. दुसऱ्या गटाला ३४ सेकंदांना बदलणारा संथ कार्यक्रम दाखवला. लगेच नंतर घेतलेल्या, धीर धरण्याच्या आणि सूचना लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत पहिला गट मागे पडला. म्हणून पात्रं सावकाश बोलतात, एक प्रसंग अर्धा मिनिट तरी टिकतो, प्राणी-पाऊस-बाजार अशा ओळखीच्या गोष्टी आहेत आणि शेवट स्पष्ट आहे, असं काहीतरी निवडा. मारामारी, किंचाळणं, कोणालातरी मूर्ख ठरवून हसणं असेल तर सरळ वगळा.

तोच तोच भाग पुन्हा मागितला तर खुशाल दाखवा. तो पुन्हा पाहताना मुलाला जास्त कळत जातं.

भाषेकडेही लक्ष असू द्या. मुलांच्या बऱ्याच चॅनलवर आपोआप हिंदी लागतं आणि मराठी घरातलं मूल ‘मुझे पानी चाहिए’ म्हणू लागतं. त्यात वाईट काही नाही, पण बोलणं नुकतं फुटत असताना घरातली भाषा कानावर पडणं जास्त उपयोगाचं. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर ऑडिओ किंवा भाषा असं बटण असतं. काही चॅनलवर तिथे मराठीचा पर्याय मिळतो.

यंत्राची तयारी

चालू चॅनल लहानग्यांसाठी सगळ्यात गैरसोयीचं, कारण ते संपतच नाही. एक कार्यक्रम संपतो न संपतो तोच दुसरा सुरू, मध्ये जाहिराती. जाहिरात आणि कार्यक्रम यांतला फरक या वयात कळत नाही. त्यापेक्षा निवडून लावलेला एक भाग बरा.

यूट्यूब वापरत असाल तर टीव्हीवरच्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोप्ले, म्हणजे एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप लागण्याची सोय, बंद करा. हे टीव्हीवर वेगळं आणि मोबाइलवर वेगळं करावं लागतं. एकीकडे बंद केलं म्हणजे दुसरीकडे झालंच असं नसतं. यूट्यूब किड्समध्ये शोधण्याची सोय बंद करता येते आणि फक्त पालकांनी मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील असंही ठेवता येतं. दहा-बारा व्हिडिओ निवडून ठेवलेत तर महिनाभर पुरतील.

याहून साधा आणि आम्हांला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह. गावची आजी गोष्ट सांगतेय, काका गाईला चारा घालतोय, मावशी गाणं म्हणतेय, असे घरचेच पाच ते दहा मिनिटांचे व्हिडिओ मोबाइल आडवा धरून काढा आणि पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावा. प्रत्येक व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर बरेच टीव्ही एकामागून एक सगळे लावत सुटतात. परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या घरांना याचा दुहेरी उपयोग: मराठी कानावर पडतं आणि माणसं ओळखीची होतात.

टीव्ही आणि मोबाइल यांत निवड करायची तर टीव्हीच. तो लांब असतो, जागेवर असतो, सगळ्यांना दिसतो आणि मुलाच्या बोटाने पुढे सरकत नाही. मुलाला किमान सहा-सात फुटांवर बसवा, खोलीतला दिवा लावलेला असू द्या. सांगूनही मूल सारखं पडद्याला नाक लावत असेल किंवा डोळे बारीक करत असेल, तर डोळे तपासून घ्या.

दोन धोके जिवावर बेतणारे आहेत. टेबलावर किंवा कपाटावर नुसता ठेवलेला टीव्ही चढू पाहणाऱ्या मुलाच्या अंगावर पडू शकतो. तो भिंतीला स्क्रूने पक्का करा किंवा मागून पट्ट्याने भिंतीला बांधा, आणि त्याच्यावर खेळणी-खाऊ कधीही ठेवू नका. दुसरा धोका रिमोटचा. काही छोट्या रिमोटमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. झाकण स्क्रूचं नसेल तर जाड चिकटपट्टीने गुंडाळा. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता, उलटी न काढता, एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

सोबत बघणं

शेजारी बसून सतत बोलायची गरज नाही. एका भागात तीन-चार वाक्यं पुरतात: ‘अरे, छत्री उडाली! आता भिजणार तो.’ खरा फायदा टीव्ही बंद झाल्यावर मिळतो. छत्री बघितली असेल तर घरातली छत्री उघडून दाखवा, नळाखाली हात धरून ‘पाऊस’ करा. पडद्यावरची वस्तू हातात आली की शब्द पक्का होतो. स्वयंपाकामुळे शेजारी बसता येत नसेल तर आवाज ऐकू येईल इतका ठेवा आणि ओट्यापाशी असतानाच एखादा प्रश्न टाका.

बंद करणं

‘दोन मिनिटं राहिली हं’ अशी आधी सूचना द्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्याच संशोधकांनी २०१६ मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरांत याची नोंद घेतली, तर उलटंच आढळलं: दोन मिनिटांची सूचना दिल्यावर मुलं जास्त बिथरत होती. भाग आपोआप संपला, किंवा तो दिनक्रमाचाच भाग असला, की सोडणं सोपं जात होतं. अडीच वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही. सूचना म्हणजे त्याच्या लेखी भांडणाची सुरुवात.

म्हणून लावण्याआधीच, रिमोट हातात असताना सांगा: ‘एक गोष्ट बघायची. संपली की टीव्ही झोपणार. मग आपण पाण्यात खेळणार.’ एवढंच, रोज त्याच शब्दांत.

गोष्ट संपायच्या मिनिटभर आधी शेजारी जाऊन बसा. स्वयंपाकघरातून ‘बंद कर आता’ म्हणून ओरडल्याचा उपयोग होत नाही. मध्येच तोडू नका. शेवटचं गाणं किंवा नावं येऊ द्या. मग टीव्हीला टाटा करायचा आणि बटण मुलानेच दाबायचं. लगेच भिंतीवरचं बटणही बंद करा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात: भाग संपल्यावर पडद्यावर पुढच्या दहा व्हिडिओंची रंगीत चित्रं झळकतात, आणि ती दिसत असताना कोणतंही मूल उठणार नाही.

पुढचा खेळ आधीच मांडलेला असावा आणि त्यात हातपाय हलायला हवेत. परातीत दोन तांबे पाणी आणि तीन वाट्या, निवडायला मेथीची जुडी, कणकेचा गोळा, किंवा चपला घालून थेट खाली. ‘आता काहीतरी खेळ’ एवढं सांगणं पुरत नाही.

इतकं करूनही पहिल्या आठवड्यात मूल रडेल, जमिनीवर लोळेल. तेव्हा जवळ बसा, डोकं आपटणार नाही एवढं बघा, आणि ‘अजून बघायचं होतं ना, वाईट वाटलं’ इतकंच म्हणा. समजावणं, धमकी, चॉकलेट काहीही नको. टीव्ही तर परत लावायचाच नाही. चार दिवस ठाम राहून पाचव्या दिवशी पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून लावला, तर मूल शिकतं की पुरेसं रडलं की मिळतं, आणि पुढच्या वेळी ते आणखी जोर लावतं. म्हणूनच घरातल्या सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय सुरुवात करू नये. आजोबांना ‘बघू दे थोडं’ म्हणण्याचा मोह होणारच. त्या वेळी मुलाला फिरायला नेण्याचं काम त्यांच्याकडेच द्या.

आजारपणात, लांबच्या प्रवासात, घरात काही घडलं असेल तेव्हा मर्यादा मोडते. मोडू द्या. ताप उतरल्यावर दुसऱ्याच दिवसापासून जुनी वेळ लावा, हळूहळू कमी करत बसू नका.

टीव्ही कमी करून थांबू नये अशी लक्षणं

वर्ष झालं तरी बाळ बडबडत नाही किंवा बोट दाखवत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई दे’, ‘बाबा आले’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही, नावाने हाक मारली तर बघत नाही, नजर देत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हल्ली ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, म्हणजे जास्त स्क्रीनमुळे ऑटिझमसारखी लक्षणं दिसणं, हा शब्द फार फिरतो. तो वैद्यकशास्त्रातला अधिकृत आजार नाही, आणि ‘टीव्ही बंद केला की बोलेल’ या भरवशावर मौल्यवान महिने वाया जातात. टीव्ही बंद कराच, पण सोबत कानांची तपासणी आधी करून घ्या. कमी ऐकू येणारं मूलही हाकेला ओ देत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे विकासाची तपासणी आणि वाचा-उपचार मोफत मिळतात, आणि अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून तिथे पाठवण्याची सोय होते. जाताना ती चार दिवसांची वही बरोबर न्या. दिवसभराचा क्रम, झोपेची वेळ आणि मूल कशाला प्रतिसाद देतं, हे डॉक्टर तिथे विचारतातच.